पेती मेलिए: शॅम्पेनमधलं कोपऱ्यात राहिलेलं पांढरं द्राक्ष

घडमोड

शॅम्पेन म्हटलं की तीन द्राक्षं सांगितली जातात: पिनो न्वार, मोनिए आणि शार्दोने. बाटलीमागचा मजकूर वाचा नाहीतर टेस्टिंगच्या वर्गाला बसा, गाडी याच्यापुढे सरकत नाही. नियमावलीत मात्र आणखी चार जुनी वाणं आहेत: अर्बान, पिनो ब्लाँ, पिनो ग्री आणि पेती मेलिए. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात द्राक्षाखाली सुमारे 34,000 हेक्टर जमीन आहे. त्यातला अर्धा टक्काही या चौघांच्या वाट्याला आलेला नाही. हा धागा चौथ्यासाठी.

पेती मेलिए पांढरं वाण आहे. घड लहान, मणी लहान, उत्पन्न बेताचं. डोळे लवकर फुटतात, म्हणून एप्रिलच्या हिमदवात हमखास सापडतं. केवडा हा बुरशीचा रोगही लागतो, घडकूजही. एवढ्या तक्रारी असलेला वेल कुणी का ठेवावा? एकाच गुणासाठी: पिकलं तरी आंबट राहतं. साखर चढत जाते, आम्ल जागचं हलत नाही.

हे त्याच्या रक्तातच आहे. डीएनए तपासणीत याचे पालक गुए ब्लाँ आणि साव्हान्यँ निघाले. गुए ब्लाँ म्हणजे मध्ययुगातलं भरघोस पिकणारं, आंबटढाण, कुणीच मान न दिलेलं द्राक्ष. 1999 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की शार्दोने, गामे, अलिगोते ही सगळी त्याच गुए ब्लाँची पिनोपासून झालेली संतती. म्हणजे शार्दोने आणि पेती मेलिए ही सावत्र भावंडं. साव्हान्यँ हे फ्रान्सच्याच जुरा भागातलं, ज्याची व्हँ जोन ही पिवळी वाईन करतात ते. आंबटपणात तेही कुणाला हार जाणारं नाही. दोन्ही घरांकडून एकच वारसा आला.

चवीला हिरवं सफरचंद, लिंबाच्या सालीचा वास, रुबार्ब आणि एक पालेदार हिरवट झाक. काहींना सोव्हिन्यों ब्लाँची आठवण होते. नुसत्या पेती मेलिएची वाईन पहिल्या घोटाला दात आंबवते, म्हणून याची खरी जागा ब्लेंडमध्येच, म्हणजे इतर वाणांच्या वाईनबरोबरच्या मिश्रणात.

आता हे मागे का पडलं? फिलॉक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड 1890 च्या सुमारास मार्नच्या खोऱ्यात शिरली. जुन्या बागा एकेक करून गेल्या, वर पहिलं महायुद्ध थेट त्याच टेकड्यांवरून लढलं गेलं. नंतर अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून नव्याने लागवड झाली, तेव्हा शेतकऱ्याने भरवशाची वाणं निवडली. 22 जुलै 1927 च्या कायद्याने शॅम्पेनची हद्द आखली आणि चालणारी द्राक्षंही ठरवली. त्यात पेती मेलिए आणि अर्बान यांची नावं आहेत. म्हणजे कायद्याने यांना कधीच बाहेर काढलं नाही.

हल्ली लेख येतात की हवामान तापतंय, शॅम्पेनचा आंबटपणा उतरतोय, आता हे विसरलेलं द्राक्ष तारून नेणार. मला ही गोष्ट अर्धीच वाटते. पेती मेलिएला अडवून धरलंय ते चवीने नाही आणि हवामानानेही नाही. अडचण किलोच्या हिशेबाची आहे. शॅम्पेनमधली सुमारे नव्वद टक्के बाग शेतकऱ्यांची आहे, पण मोठी घराणी त्यांच्याकडून द्राक्षं विकत घेतात. किलोला 6-7 युरो मिळत असताना कमी किलो देणारं झाड कोण लावेल? जो स्वतःच्या द्राक्षांची स्वतः वाईन करतो तोच. म्हणून हे वाण जिथे दिसतं तिथे एखादं कुटुंब दिसतं.

चष्मेबहाद्दर

वाखुसा (वाचनखूण साठवली). भाबडा प्रश्न: म्हणजे वरणावर लिंबू पिळतो तसं का? वाईन सपक लागली की थोडं पेती मेलिए घाला, काम झालं?

घडमोड

नाही हो. लिंबू ताटात पिळतात, खायच्या आधी. इथे वसंतात ब्लेंड बांधतात तेव्हा हातात असते ती बुडबुडे नसलेली, दहा-अकरा टक्क्यांची कोवळी वाईन. तिला मग साखर आणि यीस्ट घालून बाटलीत बंद करायचं, आत दुसऱ्यांदा आंबू द्यायचं. बाटलीवर काढणीचं वर्ष न लिहिलेली शॅम्पेन असेल तर किमान 15 महिने, वर्ष लिहिलेली असेल तर 3 वर्षं. ब्लेंड बांधणारा आजच्या घोटाची चव घेतच नसतो. गाळाबरोबर पडून राहिल्यावर ही वाईन ताठ राहील की बसेल, याचा अंदाज बांधत असतो. पेती मेलिए त्या ताठपणासाठी. आज चाखाल तर कर्कश लागेल आणि तुम्ही म्हणाल, काढून टाका.

रसायनवाली

थोडी भर घालते, कारण 'आंबट राहतं' हे वाक्य जरा सैल आहे.

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं: टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक चिवट. मॅलिक मात्र मणी श्वसनात जाळतो, आणि रात्र जितकी उबदार तितकं भराभर. त्यामुळे दुपारच्या उन्हाइतकीच न उतरणारी रात्रसुद्धा शॅम्पेनची डोकेदुखी आहे. कोमिते शॅम्पेन या तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि घराण्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे गेल्या तीसेक वर्षांत काढणी सुमारे 18 दिवस अलीकडे आली, द्राक्षातल्या साखरेतून मिळणारं अल्कोहोल सुमारे 0.7 टक्क्याने वाढलं आणि एकूण आम्लता लिटरला सुमारे 1.3 ग्रॅमने घटली. हे 1.3 फ्रेंच पद्धतीने, सल्फ्युरिक आम्लाच्या मापात आहे. टार्टारिकमध्ये मोजलं तर जवळजवळ 2 ग्रॅम. कोवळ्या वाईनमध्ये 2 ग्रॅमचा फरक जिभेला न सांगता कळतो.

आम्लाचं काम नुसतं चवीपुरतं नसतं हेही लक्षात घ्या. पीएच खाली असेल तर वाईन टिकवायला घातलेलं तेवढंच सल्फाइट जास्त परिणाम करतं, नको ते जिवाणू कमी माजतात, वाईन तळघरात सावकाश म्हातारी होते. आंबटपणाकडे फक्त चव म्हणून पाहिलं तर पेती मेलिएचं महत्त्व अर्धंच कळतं.

शंकेखोर

घडमोड, लेख आवडला. पण मला यात भावनेचा अंश जास्त दिसतो.

आम्लता वाचवायची असेल तर डझनभर सोपे मार्ग आहेत. मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंनी मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं, थांबवा, मॅलिक आहे तसं राहील. चार दिवस आधी काढणी करा. डोसाज, म्हणजे शेवटी घालायची साखर, कमी करा; ब्रूट या कोरड्या प्रकाराला लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, ती 4 वर आणली की तीच वाईन कितीतरी तरतरीत लागते. थंड वर्षाची राखीव वाईन मिसळा. अगदीच गळ्याशी आलं तर 2003 सारख्या तापलेल्या वर्षी आम्ल घालायची खास परवानगीसुद्धा मिळाली होती. यातल्या कशालाच नवी बाग लावावी लागत नाही. वेल लावून पहिलं धड पीक यायला तीन-चार वर्षं जातात, आणि ते पीकही निम्मं दवात जाणार!

अर्ध्या टक्क्यात चार वाणं. त्यातून अख्ख्या शॅम्पेनचा पीएच हलणार आहे का? तळघर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगायला गोष्ट मिळते, एवढाच उपयोग.

रसायनवाली

@शंकेखोर, चार दिवस आधी काढणी या उपायाला माझा विरोध आहे. आम्ल टिकतं, पण साल आणि बी कच्ची राहते. वास उमलत नाही आणि हिरवट कडसरपणा येतो, तो नंतर कशानेही जात नाही. पेती मेलिएची मौज ही की ते पूर्ण पिकू देऊन तोडता येतं. मॅलोलॅक्टिक थांबवणं चांगला उपाय आहे, पण त्यासाठी मुळात मॅलिक शिल्लक असावं लागतं. 2003 ला काय थांबवणार होतात?

हिशेबही करून बघा. समजा मूळ वाईन 6 ग्रॅमची आणि पेती मेलिए 9 ग्रॅमची, दोन्ही टार्टारिकच्या मापात. पंधरा टक्के मिसळलं तर ब्लेंड 6.45 वर जातं. अख्ख्या प्रदेशासाठी शून्य, हे मान्य. त्या एका तळघरासाठी मात्र भरपूर.

कात्रीवाला

मी शॅम्पेनच्या दक्षिणेकडच्या ओब जिल्ह्यात, कोत दे बारमध्ये काढणीला गेलो होतो म्हणून बोलायचं धाडस करतो. घडमोड यांचा हिशेबाचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यांनी त्यातला सगळ्यात अवघड भाग सोडलाय. तो म्हणजे घाणा.

शॅम्पेनमध्ये द्राक्षं दाबायचं ठरलेलं माप 4,000 किलोचं. त्यातून 2,550 लिटर रस काढायची मुभा: पहिले 2,050 लिटर कुव्हे, म्हणजे सुरुवातीचा उत्तम रस, मग 500 लिटर ताय, म्हणजे नंतरचा रस. द्राक्षं चिरडायची नाहीत, अख्खे घडच प्रेसमध्ये जातात. आता तुमच्याकडे पेती मेलिएच्या चार-पाच ओळी आहेत. त्यातून 4,000 किलो कुठून येणार? अर्धी रिकामी प्रेस चालवली तर दाब नीट बसत नाही, रस नीट येत नाही. छोट्या प्रेस मिळतात, पण ती वेगळी खरेदी, वेगळी टाकी, काढणीच्या धांदलीत वेगळी माणसं. शेवटी मालक म्हणतो, टाका शार्दोनेबरोबर. झालं! पेती मेलिए कुठे गेलं ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही की त्या ओळींनी नेमकं काय दिलं. मग कधीतरी वेल म्हातारे झाले की उपटून तिथे पिनो लावतात. भांडण नाही, निर्णयसुद्धा नाही. असंच जातं वाण.

चष्मेबहाद्दर

हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. कात्रीवाला, लिहा की!

हेमकूट

पण मग एकत्रच दाबलं तर बिघडलं कुठे? पूर्वी बागेत सगळी वाणं सरमिसळच असायची ना? एका बागेतलं सगळं एकदम तोडायचं, एकत्र आंबवायचं. ब्लेंड बागेतच झालं.

घडमोड

हेमकूट, अगदी हेच करणारं घर आहे. शाव्होचे लाहेर्त. त्यांनी 2003 मध्ये एका तुकड्यात सातही वाणं लावली, तोडणी एकदम, प्रेस एकच. त्या वाईनचं नावच 'ले सेत', म्हणजे सात. दरवर्षीची नवी वाईन जुन्या साठ्यात मिसळत जातात. कात्रीवाल्यांची प्रेसची अडचण तिथे उरतच नाही, कारण वेगळं काही दाबायचंच नसतं.

याच्या बरोबर उलट टोकाला उर्व्हिलचे द्राप्पिए. त्यांची 'क्वातुओर' चार पांढऱ्या वाणांची: अर्बान, पेती मेलिए, पिनो ब्लाँ (ओबमध्ये त्याला ब्लाँ व्रे म्हणतात) आणि शार्दोने. वाटे सारखे, पाव-पाव. तिथे मापून मिसळलंय, बागेने ठरवलेलं नाही.

मला स्वतःला लाहेर्तचा मार्ग जास्त पटतो. त्यात एक धोका मात्र आहे: सगळ्यांची एकच तारीख. शार्दोने नेमकं पिकलेलं असतं तेव्हा अर्बान मागे असतं, ते उशिरा पिकणारं. पेती मेलिएचं त्यात फारसं बिघडत नाही, ते दोन-चार दिवस थांबलं तरी आम्ल धरून असतं.

शंकेखोर

एकत्र आंबवलं की कुणी काय दिलं हे चाखून सांगता येत नाही. मग 'पेती मेलिएमुळे ताठपणा आला' हे कशाच्या आधारावर म्हणायचं? मोनिए जरा लवकर तोडल्यामुळेही आला असेल. माझी शंका इथेच आहे, बाकी द्राक्षाशी माझं वैर नाही.

रसायनवाली

हा प्रश्न मात्र रास्त. एकट्याची बाटली चाखल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. व्हेर्त्यूच्या द्युव्हाल-लरोआंनी नुसत्या पेती मेलिएची शॅम्पेन काढलेली आहे. ती आधी चाखावी, मग क्वातुओर, मग ले सेत. या क्रमाने गेलं की ब्लेंडमध्ये नेमकं काय शोधायचं ते जिभेला माहीत असतं. उलट क्रमाने गेलात तर सगळंच 'छान, ताजं' वाटेल.

मी_वाचक

वाचते आहे, उत्तम चर्चा. एक शंका. मी असं ऐकलं होतं की या चार वाणांचे जुने वेल ठेवता येतात, नवीन लावता येत नाहीत. म्हणून ती हळूहळू संपणार.

कात्रीवाला

तसं नाही. वरच लाहेर्तचं 2003 चं उदाहरण आहे, ती नवीच लागवड. जुई-ले-रँसच्या ओब्री भावंडांनी तर त्याच्याही आधी, 1980 च्या दशकात, जुनी वाणं पुन्हा लावायला घेतली. त्यांची 'नोंब्र दोर' त्यातूनच आली. ब्युक्सेयच्या मूतार घराण्यात अर्बान 1952 पासून आहे, आणि त्यांची सहा वाणांची एक शॅम्पेन निघते. लागवडीला बंदी नाही. लावणारे नाहीत.

मी_वाचक

बरं, म्हणजे कायदा मोकळा आहे आणि बाजार बंद आहे.

हेमकूट

त्या 'व्होल्तिस'चं काय? नव्या वाणाला परवानगी दिली म्हणे. पेती मेलिए असताना नवं वाण कशाला हवं होतं?

रसायनवाली

दोघांचं काम वेगळं. व्होल्तिस हा संकरित वेल, फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेने तयार केलेला. केवडा आणि भुरी या दोन्ही रोगांना दाद देत नाही, म्हणजे फवारण्या कमी. त्याला आणलंय ते रोगासाठी, आम्लासाठी नाही. शिवाय तो प्रयोग म्हणून आत आलाय: शेतकऱ्याच्या क्षेत्राच्या 5 टक्क्यांपर्यंतच लावायचा, ब्लेंडमध्ये 10 टक्क्यांपर्यंतच घालायचा. पेती मेलिएवर अशी काही मर्यादा नाही, शंभर टक्के घातलंत तरी ती शॅम्पेनच. रोगाच्या बाबतीत मात्र व्होल्तिस पुढे, यात वादच नाही. 2021 सारखं ओलं वर्ष आलं की पेती मेलिए बाळगणाऱ्याची झोप उडते.

शंकेखोर

म्हणजे तापलेल्या वर्षी कामाचं आणि ओल्या वर्षी ओझं. शॅम्पेनला दोन्ही प्रकारची वर्षं आलटून पालटून येतात, मग किती शेतकरी हे पेलणार?

आणि हिमदवाचं कुणी बोलत नाहीये. हिवाळा उबदार झाला की सगळेच वेल लवकर फुटतात, जे मुळातच लवकर फुटतं ते आणखी लवकर. एप्रिलमधली एक रात्र पुरते. ज्या तापमानवाढीमुळे याची गरज वाढली म्हणता, तीच याचे कोंब जाळायला वाट मोकळी करते.

घडमोड

शंकेखोर, हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे.

किलोच्या हिशेबाला एक दुसरी बाजू आहे. हेक्टरी किती किलो तोडायचे हे दरवर्षी ठरवून दिलं जातं. 2020 मध्ये मागणी बसली होती, तेव्हा मर्यादा 8,000 किलो होती. लोकांनी वेलावर द्राक्षं सोडून दिली. अशा वर्षी कमी पिकणारं वाण असलं काय नसलं काय, नुकसान सारखंच. 2022 ला मर्यादा 12,000 झाली, तेव्हा पेती मेलिएवाला मागे पडला. थोडक्यात, त्याचा तोटा दरवर्षी सारखा नसतो. बागेचा एक कोपरा या खात्यावर टाकायला हरकत नाही, अख्खी बाग नको. बहुतेक घरं नेमकं तेच करतात.

चष्मेबहाद्दर

अवांतर: फ्रान्सच्या बाहेर कुणी लावतं का हे?

घडमोड

ऑस्ट्रेलियात ईडन व्हॅलीत अर्व्हाइन यांनी लावलं, आणि त्याची एकट्याची स्पार्कलिंग केली. तिकडे ऊन शॅम्पेनपेक्षा पुष्कळ जास्त, आणि तिथेच कुणीतरी हे द्राक्ष हट्टाने निवडलं. @शंकेखोर, तुमच्या 'नुसती गोष्ट' या म्हणण्याला याने थोडा तरी धक्का बसावा. तिथे जुन्या परंपरेचं कौतुक विकायचा प्रश्नच नव्हता.

शंकेखोर

थोडा बसला. थोडाच.

कात्रीवाला

दवाबद्दल एक. मी जिथे होतो तिथे लवकर फुटणाऱ्या ओळींची छाटणी सगळ्यात शेवटी करायचे. छाटणी लांबवली की खालचे डोळे काही दिवस उशिरा फुटतात. फार नाही, पण एप्रिलच्या वाईट रात्री तेवढेच दिवस कामाला येतात. पेती मेलिएच्या ओळी उताराच्या वरच्या अंगाला ठेवायच्या, थंड हवा जिथे साचते त्या खोलगट भागात कधीच नाही. मोठ्या बागेत कुणी एका वाणासाठी छाटणीचं वेळापत्रक बदलणार नाही. ज्याच्या पाचच ओळी आहेत तो बदलतो. हेमकूट, तुम्ही सरमिसळ बागेचं विचारलं होतंत, तिथे हे जमत नाही. तिथे कात्री सगळ्यांवर एकदम चालते.